वास्कोच्या आमच्या मशिदीत जागा करून देणाऱ्या आर्किटेक्ट ताईंना

ताई, सलाम आणि नमस्कार.

कमिटीचं आभाराचं पत्र तुम्हाला पोचलंच असेल. हे मी माझ्या मनानं लिहितोय, सगळ्यांना वाचता यावं म्हणून.

बंदर, गोदी, बांधकामं यांच्या मागे वास्कोत माणसं येतच राहिली. कोकणातली, बेळगाव-विजापूरकडची, पार उत्तरेतली. मशीद मात्र होती तेवढीच. जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारच्या नमाजेला, सफा (नमाजींच्या रांगा) पायऱ्यांवरून रस्त्यावर यायच्या. पावसाळ्यात ताडपत्रीखाली ओल्या चटईवर कपाळ टेकून सजदा करणारी म्हातारी माणसं बघून जीव तुटायचा. शेजारचे दुकानदार कधी काही बोलले नाहीत, पण त्यांची गैरसोय आम्हाला दिसत होती.

वर मजला चढवायचा, एवढंच आमच्या डोक्यात. तुम्ही म्हणालात, आधी जुम्मा बघू दे. ओढणी घेऊन तुम्ही दारापाशी उभ्या राहिलात आणि गर्दी पांगल्यावर टेप काढलीत. एका नमाजीला साधारण 60 सेंटिमीटर रुंद आणि 120 सेंटिमीटर लांब जागा लागते, त्या हिशेबानं तुम्ही सगळा हॉल मोजलात. इमारत रस्त्याला समांतर, आणि किबला, म्हणजे नमाजेची मक्केकडची दिशा, गोव्यातून पश्चिमेच्या थोडी उत्तरेला. त्यामुळे सफा तिरक्या, आणि कडेचे त्रिकोणी कोपरे वाया. ते कोपरे आम्ही लहानपणापासून बघत होतो, पण तिथे जिना बसेल हे कुणालाच सुचलं नव्हतं. हॉलच्या मधोमधचा जिना तुम्ही मागच्या कोपऱ्यात नेलात आणि हॉल एकदम मोकळा झाला. पुढच्या कोपऱ्यांत कुराणाची कपाटं गेली.

वजूखान्यासाठी, म्हणजे नमाजेआधी हातपाय धुण्याच्या जागेसाठी, तुम्ही आम्हाला फोंड्याच्या साफा मशिदीत नेलंत. 1560 सालची ती मशीद, शेजारी पायऱ्यापायऱ्यांची चिऱ्याची तळी. पाणी आधी, मग नमाज, हा क्रम तिथे आवारातच दिसतो. आमच्याकडे तळीला जागा कुठली! पण वजूखाना आता दाराआधी आहे, बसायला उंच ओटे आहेत, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांना कुणाचा हात धरावा लागत नाही. ओले पाय घेऊन सफांमधून जाणंही बंद झालं.

सगळ्यात मोठं काम बायकांसाठीच्या वरच्या सज्जाचं. बायकांची जागा कुठे, हे पहिल्याच बैठकीत तुम्ही विचारलंत आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचा नकाशा उलगडला नाहीत. काही जणांना ते रुचलं नव्हतं. आज तिथे स्वतंत्र दार आहे, आणि वरून मेहराब (किबल्याच्या भिंतीतला कमानदार कोनाडा) दिसतो. माझ्या आईनं उभ्या आयुष्यात पहिल्यांदा याच मशिदीत बसून खुतबा, म्हणजे जुम्म्याचं प्रवचन, ऐकला. घरी आल्यावर ती बराच वेळ त्याबद्दलच बोलत होती. ताई, यासाठी मी तुमचा जन्मभर ऋणी आहे.

म्हापशाच्या ओळखीच्या मंडळींची हीच अडचण आहे. त्यांना तुमचा नंबर देऊ का, तेवढं कळवा.

तुमचा,
कमिटीतला एक भाऊ