रोजच्या कोरोना आकड्यांबद्दल सूचना – सोमवार १९ एप्रिल २०२१

मंडळी नमस्कार, काल रविवारी महाराष्ट्रात एका दिवसात कोरोनाच्या ६८,६३१ नवीन केसेस निघाल्या, आत्तापर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा आहे हा. आज संध्याकाळी आकडा कमी आला तर लगेच "उतरली लाट" म्हणून फॉरवर्ड करू नका प्लीज, शनिवार-रविवार टेस्टच कमी होतात त्यामुळे सोमवारी दरवेळी आकडा खाली दिसतो आणि बुधवारी परत वर जातो. सात दिवसांची सरासरी बघा, मी रोज रात्री ९ ला तीच टाकणारे.

आता आपल्या सोसायटीचं:

- घरात कोणी पॉझिटिव्ह आलं तर त्याच दिवशी सेक्रेटरींना कळवा. ग्रुपवर नाव येणार नाही, फक्त आकडा. लपवू नका, यात लाज कसली!
- ५ पेक्षा जास्त केसेस झाल्या की सरकारी आदेशानुसार सोसायटी मायक्रो कंटेन्मेंट झोन (म्हणजे छोटं प्रतिबंधित क्षेत्र), गेटवर बोर्ड लागतो आणि बाहेरच्यांना एंट्री बंद
- ४५ च्या वरच्यांनी लस राहिली असेल तर घ्या
- लिफ्टमध्ये मास्क, हनुवटीवर नाही नाकावर