पावसाळ्याआधी गाडीची पॉलिसी उघडून बघा

सर्व सभासदांना नमस्कार,

गेल्या पावसाळ्यात आपल्या तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं, तेव्हा माझी गाडी सीटपर्यंत भिजली होती. घाबरून मी चावी फिरवली आणि इंजिनाने पाणी ओढलं. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह (समोरच्याची आणि आपल्या गाडीचीही भरपाई देणारी) होती, पण ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे इंजिनासाठीचं जादा संरक्षण घेतलेलं नव्हतं, म्हणून इंजिनाचा क्लेम नाकारला गेला. कळकळीने सांगतो, बुडालेली गाडी सुरू करू नका, टो करूनच गॅरेजला न्या.

कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. त्यातून समोरच्याची भरपाई होते, आपल्या गाडीच्या दुरुस्तीला एक रुपयाही नाही. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा लागतो. आधीपासून असेल तर पुन्हा घेऊ नका.

सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा, मात्र बहुतेकांचा एकाच वर्षाचा असतो. ‘तीन वर्षं बघायला नको’ या समजुतीत तो संपून जातो. संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू केला नाही तर नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो.

‘झीरो डेप’ (भागांच्या घसाऱ्याचे पैसे न कापणारं जादा संरक्षण) ऐच्छिक आहे, पण नव्या गाडीला घ्यावाच असं माझं मत. एरवी बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांचे निम्मे पैसे कापतात.

रविवारी सकाळी १० वाजता सोसायटीच्या ऑफिसात पॉलिसी घेऊन या, एकत्र बसून बघू.

– सचिव