घरच्या वहीचा संदर्भ द्यायला लाज कसली?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रकल्पांचं कौतुक करणारी बातमी वाचली. कौतुक रास्तच आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या पोरापोरींनाही आता क्षेत्र प्रकल्प करावा लागतो. त्यासाठी ती गावोगाव येतात, धुऱ्यावर उभी राहून प्रश्न विचारतात. अशाच एका प्रकल्पात माझ्या पावसाच्या वहीतले आकडे वापरले गेले, त्याबद्दल हे पत्र.

मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार. १९९८च्या मृगापासून अंगणातल्या पर्जन्यमापकावर रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजतो आणि लाल बांधणीच्या वहीत लिहितो. साडेआठच का, तर हवामान खात्याची वेळ तीच. आमच्या महसूल मंडळाचं (काही गावं मिळून एक मंडळ) पाऊस मोजणारं स्वयंचलित केंद्र गावापासून अकरा किलोमीटरवर. तिकडे नाले वाहतात आणि इकडे पऱ्हाटीचं पानही ओलं होत नाही, असं कितीदा झालं. म्हणून ही वही.

दोन वर्षांमागे तालुक्याच्या महाविद्यालयातली एक मुलगी आली. हुशार, बोलायला गोड. "काकाजी, वहीचे फोटो काढू का?" म्हटलं, "काढ ना बाप्पा, त्यात काय!" तिनं मोबाइलवर पानामागून पान टिपलं, चहा घेतला, गेली. उन्हाळ्यात प्रकल्पाची स्पायरल बांधणीची प्रत आणि पेढे घेऊन परत आली. एवढं कोण करतं आजकाल?

प्रत उघडली. तक्त्यातले आकडे माझेच, टाइप केलेले असले तरी ओळखू आले. तक्त्याखाली मात्र 'स्रोत : हवामान विभाग'. शेवटी संदर्भसूची : गुगल, विकिपीडिया, यूट्यूब. आभारांच्या पानावर प्राचार्य, विभागप्रमुख, आईवडील, टायपिंग करून देणारा आणि 'गावातील ज्येष्ठ नागरिक'. तो ज्येष्ठ नागरिक म्हणजे मी.

मला नावाचा सोस नाही. पण पुढं वाचत गेलो तसा घाम फुटला. एका ऑगस्टमधल्या १८ मिलिमीटरचे ९८ झाले होते. चूक माझ्या अक्षराची, माझा १ जरा पोट काढूनच असतो. पण महसूल खात्याच्या हिशेबात ६५ मिलिमीटरच्या पुढे अतिवृष्टी. म्हणजे डवरणीपुरती, पिकाच्या ओळींतलं तण काढण्यापुरती, उघडीप शोधावी लागली एवढाच तो पाऊस, त्याची अतिवृष्टी झाली आणि तिच्यावर अख्खा परिच्छेद! धाकटीच्या लग्नात आठ दिवस मोजणारं घरी कोणी नव्हतं, तिथं मी रकान्यात आडव्या रेघा मारल्यात. रेघ म्हणजे मोजलं नाही. तक्त्यात तिथं शून्य. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे २०१४ साली शेजारच्या गोठ्यावर उंच टिनं चढली. आजूबाजूच्या वस्तूच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर मापक असावं लागतं, माझ्या अंगणात तेवढी जागाच उरली नाही. वाऱ्याचा पाऊस अडतो. त्यामुळे त्यानंतरचे आकडे कमी भरतात. प्रकल्पाचा निष्कर्ष काय? 'गावातील पर्जन्यमान २०१४ नंतर घटले.'

हे सगळं वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं आहे. तिनं फोटो काढले ते आकड्यांच्या पानांचे. आता उद्या कोणी तो प्रकल्प वाचून खातरजमा करायला निघाला, तर जाणार हवामान खात्याकडे. तिथं हे आकडे नाहीत. माझ्या अंगणापर्यंत तो येणार कसा?

मी तिला विचारलं, "माय, असं का लिहिलं?" ती खाली मान घालून म्हणाली, "सर म्हणाले, घरच्या वहीचा संदर्भ बरा दिसत नाही, खात्याचं नाव टाक." पोरीवर माझा राग नाही. पण हे वाक्य तेव्हापासून डोक्यात बसलंय.

आम्ही बियाण्याची पिशवी घेतो तेव्हा कृषी विभाग दरवर्षी बजावतो, की पावती, पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवा. उगवलं नाही तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? 'बाजारातून आणलं' म्हणून चालत नाही, लॉट नंबर लागतो. 'संदर्भ : गुगल' म्हणजे 'बाजारातून आणलं'. आणि माझ्या वहीवर खात्याचं नाव म्हणजे खुल्या बियाण्यावर दुसऱ्याचा टॅग.

माझी भाची अमरावतीला पीएच.डी. करते. ती सांगते, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य खपतं, साठ टक्क्यांवर गेलं तर नोंदणीच रद्द. तपासायला सॉफ्टवेअर आहे. असू दे. पण माझी वही इंटरनेटवर नाही, ते सॉफ्टवेअर तिला काय पकडणार? तिथं माणसाचा प्रामाणिकपणाच लागतो, आणि शिक्षकाची नजर.

आमचं घर महानुभावी. रिद्धपूरला दर्शनाला गेलो की लीळाचरित्राचा विषय निघतोच. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या त्या ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून, विचारून. पोथीत कित्येक ठिकाणी एकाची आठवण अशी, दुसऱ्याची तशी, हे माणसांच्या नावानिशी ठेवलेलं आहे. कुणाचं नाव बरं दिसतं, हे तिथं कोणी पाहिलं नाही. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे आणि आमच्या तालुक्यात मात्र वहीला वही म्हणायची लाज!

लिहायचं फार अवघड नाही. हस्तलिखित पर्जन्य नोंदवही, ठेवणाऱ्याचं नाव, गाव, तालुका, कोणत्या वर्षांच्या नोंदी, वही कोणत्या तारखेला पाहिली. दीड ओळ होते. इंटरनेटवरून घेतलं तर कोणत्या संस्थेचं कोणतं पान आणि कधी पाहिलं. (आपणही पावसाचे आकडे छापता तेव्हा मंडळाचं नाव टाकत जा. 'तालुक्यात दमदार पाऊस' वाचून आमच्याकडचा माणूस आभाळाकडे पाहत बसतो.)

मुलीला मी शेवटचं पान दाखवलं. तिनं त्याचाही फोटो काढला, पण प्रकल्प तेव्हा जमा होऊन गेला होता. महाविद्यालयाच्या कपाटातल्या प्रतीत अजून ९८च आहेत. तिथल्या गुरुजनांनी परवानगी दिली तर मी स्वतः येऊन पेनानं १८ करून देईन, खाली सही आणि तारीख टाकून. वही कोणालाही पाहायला मिळेल, फक्त सकाळी साडेआठनंतर यावं.

आपला,
एक कास्तकार वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ