साड्यांच्या दुकानातल्या टाचा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. मी 19 वर्षं दादरला साड्यांच्या दुकानात विक्रेती आहे, डोंबिवलीहून ये-जा करते. सकाळी साडेदहाला काउंटरमागे उभी राहिले की रात्री साडेआठपर्यंत, जेवणाचा अर्धा तास सोडला, तर बसणं नाही. चपला दाराशी काढायच्या, म्हणजे सगळा दिवस गुळगुळीत फरशीवर अनवाणी. लग्नसराईची खरेदी सुरू होण्याआधी आमच्यासारख्या बायकांच्या टाचांबद्दल थोडं लिहावंसं वाटलं.

माझी उजवी टाच दोन वर्षांपूर्वी दुखायला लागली. पहाटे अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकलं की टाचेच्या आतल्या बाजूने अशी कळ यायची की मोरीपर्यंत भिंत धरून चवड्यावर जावं लागे. चहा उकळेपर्यंत पाय जरा सुटायचा, म्हणून मी अंगावर काढलं. गाडीत बसायला मिळालं तर दादरला उतरताना पुन्हा तीच कळ. बसायला मिळाल्याचं सुख नको व्हायचं.

उपाय सगळे केले. वीट तापवून त्यावर रुईचं पान ठेवून शेकलं. कॅल्शियमच्या गोळ्या खाल्ल्या. एका डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि टाचेचं हाड वाढलंय, काट्यासारखं टोक आलंय, असं सांगून इंजेक्शन दिलं. दीड महिना इतकं बरं वाटलं की मी देवाला नारळ फोडला. मग दुखणं परत आलं. दुसरं इंजेक्शन घेतलं, तेही तसंच ओसरलं. तिसऱ्या वेळी ऑपरेशनची भाषा सुरू झाली तेव्हा मी घाबरले आणि पालिकेच्या रुग्णालयातल्या फिजिओथेरपीच्या बाईंकडे गेले.

त्या बाईंनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि आधी विचारलं, दिवसभर कशावर उभ्या असता? मग समजावलं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो. सतत उभं राहून, कडक फरशीमुळे, वजन वाढल्यामुळे, पोटऱ्या आखडल्यामुळे तो टाचेपाशी ताणून ताणून झिजतो. याला प्लांटर फॅसिआयटिस म्हणतात. रात्री झोपेत तो पट्टा आखडतो आणि पहाटेच्या पहिल्या पावलाला एकदम ओढला जातो. आणि वाढलेलं हाड? ते तर टाच अजिबात न दुखणाऱ्या कित्येकांच्या एक्स-रेतही दिसतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझ्या कित्येक रात्री काळजीत गेल्या नसत्या. इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण पुन्हा पुन्हा घेतलं तर तो पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी विरण्याचा धोका असतो.

त्यांनी शिकवलेलं मी आजही करते. पहाटे पाय खाली टेकण्याआधी पलंगावरच बसून उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घ्यायचा, हाताने बोटं नडगीकडे ओढायची, दहा अंक मोजायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भिंतीला हात लावून पोटरी ताणायची. एक दिवसाआड टॉवेलची गुंडाळी बोटांखाली ठेवून पायरीवर उभं राहायचं आणि टाच सावकाश वर, सावकाश खाली. संध्याकाळी फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. घरातही मऊ चप्पल. हे शेवटचं मला सर्वांत जड गेलं, कारण आमच्या स्वयंपाकघरात कधी कुणी चप्पल घातली नव्हती. सासूबाईंनीच शेवटी वेगळी जोडी आणून दिली. दुखणं आठव्या महिन्यात गेलं. बहुतेकांचं वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरं होतं, असं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्या भरवशावर मी टिकले.

एक मात्र कळकळीने सांगते. मधुमेह असलेल्यांनी गरम विटेच्या नादी लागू नये. माझ्या नणंदेला तळव्याला चटका कळलाच नाही. टाच भाजली, जखम भरायला दोन महिने गेले. आणि टाचेला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, सूज किंवा ताप असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर ते दुखणं वेगळं असू शकतं. घरी न थांबता डॉक्टरांना दाखवावं.

पण व्यायाम पहाटे करायचा आणि दिवसभर पुन्हा त्याच फरशीवर उभं राहायचं, यात किती जणींचं बरं होणार? कारखान्यांच्या 1948 च्या कायद्यातच उभ्याने काम करणाऱ्यांच्या बसण्याची सोय लिहिलेली होती. दुकानांसाठी केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये आपापले कायदे बदलले. केरळात त्यासाठी कोझिकोडच्या विजी यांनी, स्वतः शिवणकाम करणाऱ्या बाईंनी, दुकानांतल्या बायकांना एकत्र करून वर्षानुवर्षं लढा दिला. आपल्याकडच्या दुकानदारांनी कुणी सांगायची वाट का पाहावी? विक्रेती बसलेली दिसली तर गिऱ्हाईकाला दुकान आळशी वाटतं, असं मालक म्हणतात. वाचक भगिनींनो, तुम्हाला खरंच तसं वाटतं का? तुम्ही दारात आलात की आम्ही उठणारच आहोत. मधली दहा मिनिटं तेवढी टेकायला हवीत, आणि पायाखाली रबराची चटई.

आमच्या मालकांनी यंदा पाडव्याला दोन स्टुलं आणली. त्यांचे मनापासून आभार. आम्ही अकरा जणी आहोत, आणखी चार स्टुलं मिळाली तर पाळीपाळीने सगळ्यांना पुरतील.

आपली,
एक विक्रेती, डोंबिवली