रविवारची पोती कुणाची?

प्रति,
मा. कचरा व्यवस्थापनमंत्री,
गोवा सरकार, सचिवालय, पर्वरी

मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यात राहते, पतसंस्थेत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी रक्तातली साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला लावले, तेव्हापासून आमच्या भागातल्या पळणाऱ्यांच्या एका गटात आहे. व्हॉट्सॲपवर आम्ही चाळीस जण, रविवारी पहाटे प्रत्यक्ष हजर चौदा-पंधरा. त्यातले पाच-सहा खरोखर पळतात, बाकीचे आम्ही त्यांच्या मागून भराभर चालतो. महिन्यातल्या एका रविवारी पळून झाले की रस्त्याकडेचा कचरा उचलायचा, असे दिवाळीनंतर ठरले. याला प्लॉगिंग म्हणतात, हे फॅड २०१६ च्या सुमारास स्वीडनमध्ये निघाले, वगैरे माहिती गटातल्या कॉलेजच्या मुलांनी पुरवली. माझ्या सासूबाई म्हणतात, "चालली आमची भंगारवाली."

आपल्याला पत्र लिहायचे कारण म्हणजे अकरा पोती.

आमच्या वाटेवर एक मोरी आहे. मोरीखालून व्हाळ, म्हणजे ओढा जातो. व्हाळाच्या अलीकडे एक पंचायत, पलीकडे दुसरी आणि वरचा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा. आसपास घर नाही, दिवा नाही. कचरा टाकायला याहून सोयीची जागा कुठली? मे महिन्यातल्या रविवारी आम्ही तिथे उतरलो. वरच्या थरात पाण्याच्या बाटल्या, चिप्सची पाकिटे, कुठल्यातरी लग्नातले कागदी पेले. त्याखाली चिकनवाल्याने गाठ मारून टाकलेल्या पिशव्या. त्यातली एक फुटली आणि आमचे दोन तरुण धावपटू शर्यतीत धावत नाहीत तेवढ्या वेगाने वर आले. त्याच्याही खाली फुटलेल्या काचा. बियरच्या बाटल्या मोरीच्या कठड्यावर आपटून फोडायची काहींना हौस असते. बाजूच्या वडाखाली देवांच्या फुटक्या तसबिरी ठेवलेल्या. त्यांना हात लावायला कोणी धजेना. शेवटी खाणीवर ट्रक चालवलेले आमचे एक मामा पुढे झाले. "देव गेला कधीच, काच राहिली," म्हणत त्यांनी चौकटी उचलल्या, काच वेगळी केली आणि आतले कागद घरी नेले.

दोन तासांत तांदळाची अकरा पोती भरली. ओळीने रस्त्याकडेला ठेवली, फोटो काढला. फोटोला भरपूर अंगठे आले.

रविवारी गाडी नसते, हे आम्हाला तिथे उभे राहिल्यावर कळले. सोमवारी मी अलीकडच्या पंचायतीत फोन केला. "ती पोती पलीकडच्या हद्दीत आहेत." पलीकडे फोन केला. "कचरा सगळा मिक्स आहे, असा आमच्या शेडमध्ये घेत नाहीत. आणि तुम्हाला उचलायला सांगितला कुणी?" मंगळवारी मामांनी ओळखीच्याची पिकअप मागून आणली, पण शेडला कुलूप. बुधवारी ऑफिसला जाताना पाहिले, तर गुरांनी आणि कुत्र्यांनी सात पोती फाडलेली. एक कुत्रा डायपर तोंडात धरून रस्त्याच्या मधोमध उभा होता. गुरुवारी अवकाळी पाऊस झाला आणि उरलेसुरले व्हाळात गेले.

खाली एकांचे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग आहे. शनिवारी ते बाजारात भेटले. म्हणाले, "वहिनी, तुम्ही कचरा काढलात की आमच्याकडे पाठवलात?"

मला उत्तर सुचले नाही. आधी तो कचरा मोरीच्या तोंडाशी दाबून बसला होता, आम्ही तो मोकळा करून त्यांच्या पोफळींच्या बुंध्याशी पोचवला. दोन तास घाम गाळून आम्ही केले ते एवढेच.

महोदय, गोव्यात व्यवस्था नाही असे मी म्हणत नाही. साळगावचा कचरा प्रकल्प २०१६ पासून चालू आहे, दक्षिणेत काकोड्याचा आहे. ज्याचे पुन्हा काही होत नाही असे प्लास्टिक दाबून, गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांत जाळायला पाठवतात. म्हणजे चिप्सच्या पाकिटाने भट्टीपर्यंत शेकडो किलोमीटर जायची सोय आहे. अडते ते मोरीपासून शेडपर्यंतच्या तीन किलोमीटरवर. भंगारवाला पुठ्ठा आणि पाण्याच्या बाटल्या आनंदाने नेतो, पण चकचकीत पाकिटे आणि फुटकी काच त्याला फुकटही नको असते. आमच्या पोत्यांत भरलेले असते नेमके तेच.

लंडनमध्ये २००९ साली गुडजिम नावाची एक चळवळ सुरू झाली, ती आता ब्रिटनमधल्या कितीतरी गावांत आहे. तिथले लोक गटाने पळत एखाद्या कामाच्या जागी जातात, बाग साफ करतात, सामान हलवतात आणि पळत परततात. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटली. काम आधी ठरलेले असते आणि ज्या संस्थेचे काम, तिला हे लोक येणार हे ठाऊक असते. आमची कोणीच वाट पाहत नव्हते. उलट आम्ही दोन पंचायतींचे नसते लचांड करून ठेवले.

बाटल्यांचेही सांगते. पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिणाऱ्याला २०१९ पासून दंड आहे. आमची मोरी पर्यटनस्थळ नाही, हे तिचे दुर्दैव. रिकामे वेष्टन परत केल्यावर अनामत परत देण्याची योजना आपल्या सरकारने २०२४ मध्ये अधिसूचित केली. ती काचेच्या बाटल्यांना नीट लागू झाली तर आमचे निम्मे काम कमी होईल. माझ्या लहानपणी सोड्याच्या बाटलीला दुकानदार डिपॉझिट घ्यायचा. ती बाटली फोडली तर घरी मार बसत असे, व्हाळात फेकणे दूरच.

गेल्या वर्षी एका सरकारी कार्यक्रमात आम्हाला स्वच्छतादूत म्हणून प्रमाणपत्रे मिळाली. त्या दिवशी झाडायला दिलेली जागा आदल्या संध्याकाळीच झाडून ठेवलेली होती. वर थोडी सुकी पाने पसरली होती, तेवढीच आम्ही गोळा केली. ती प्रमाणपत्रे आता नकोत. महिन्यातल्या त्या एका रविवारी तालुक्यात एक गाडी ठेवा. तिच्या चालकाला हद्द विचारायची मुभा नसावी. व्हाळाच्या मध्यावर पोते मिळाले तरी त्याने ते उचलावे. पाकिटे, काच, ओला कचरा आम्ही जागेवरच वेगळे करू, वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी पोती बांधू. तेवढे शिकलो आहोत. आणि शेडवर पोती उतरली की वजनाची चिठ्ठी द्यावी. अकरा पोती म्हणजे किती किलो, हे आम्हाला आजवर कळलेले नाही. चिठ्ठी असली म्हणजे कुळागरवाल्यांना दाखवायला माझ्याकडे काहीतरी असेल.

पुढची फेरी गणेश चवथीनंतरच्या दुसऱ्या रविवारी आहे, या वेळी विसर्जनाच्या ठिकाणी. गणपतीवर टांगलेल्या माटोळीची फळे, पाने कुजून जातात, त्यांची चिंता नाही. त्यांत गुंतलेल्या नायलॉनच्या दोऱ्या आणि थर्माकोल काढायचा आहे. सहा वाजता सुरू करू, साडेआठपर्यंत पोती भरतील. गाडी नऊला आली तरी चालेल. ती येईपर्यंत आम्ही तिथेच बसू. मामा चहाचा थर्मास आणतात.

आपली,
डिचोली तालुक्यातली एक चालणारी