पांढरी काठी दिलीत, आता ती चालवायला कोण शिकवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात पांढऱ्या काठ्यांच्या वाटपाचा फोटो आला होता. व्यासपीठावर पाहुणे, पुढे ओळीनं उभी केलेली अंध मंडळी, प्रत्येकाच्या हातात घडीची काठी. संस्थेचं नाव मी घेत नाही. हेतू चांगलाच होता आणि असल्या कामाला चार पैसे गोळा करणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे. पण फोटोत एक उंचापुरा गडी होता आणि त्याच्या शेजारी त्याच्या खांद्यालाही न लागणारी एक आज्जी. दोघांच्या काठ्या एकाच मापाच्या!

मी बेळगाव आणि खानापूर तालुक्यात दृष्टी गेलेल्या, किंवा जात चाललेल्या माणसांना रस्त्यानं चालायला, स्वयंपाक करायला, पैसे ओळखायला शिकवते. कागदावर मी थेरपिस्ट आहे, खेड्यात ‘काठीच्या बाई’. फोटोसारखी काठी मिळालेल्या घरी मी काही महिन्यांनी जाते, तेव्हा ती बहुतेक वेळा दारामागच्या खुंटीवर असते. कधी तिनं कोंबड्या हाकलतात.

काठी सरळ उभी धरली तर ती साधारण छातीच्या मधल्या हाडापर्यंत यावी. भराभर चालणाऱ्याला थोडी आणखी लांब लागते. आखूड काठी घेतली की माणूस वाकून चालतो, आणि पुढचं गटार काठीला लागेस्तोवर पाय तिथं पोचलेला असतो. आणि ही टेकायची काठी नव्हे. जांबोटीकडच्या एका आप्पांनी पायरी उतरताना सवयीनं तिच्यावर भार टाकला, ती मधल्या सांध्यात निसटली. नशीब, खाली गवत होतं. “असली कसली ओ काठी, माझी बांबूची बरी,” म्हणाले. त्यांचं चुकलं नव्हतं. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

काठी धरणारा हात पोटासमोर, मध्यभागी. मनगटातून हलकं वळवत टोक डावीउजवीकडे, खांद्याच्या रुंदीपेक्षा जरासंच बाहेर. डावा पाय पुढं पडतो तेव्हा टोक उजवीकडे टेकतं, उजवा पडतो तेव्हा डावीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथं पडणार ती जागा आधीच तपासलेली असते. दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या अमेरिकन सैनिकांना शिकवताना रिचर्ड हूव्हर यांनी ही पद्धत बसवली. आपल्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीची पोरं जशी कवायत घोटतात तशीच ही घोटावी लागते. आधी घराच्या पडवीत, मग गल्लीत, मग चौकात. याला आठवडे लागतात. हार घालायला लागणाऱ्या वेळात हे होत नाही.

आणि प्रत्येक गल्ली वेगळी. वडगावात यंत्रमागांचा खडखडाट सुरू असला की आपण कुठल्या बोळाशी आलो ते कळतं, पण मागून येणारी मोटारसायकल ऐकू येत नाही. म्हणून तिथं मी सुरुवात कायम लाइट गेली की करते (वडगावकरांना ही संधी कमी मिळत नाही). गणपत गल्लीत बाजाराच्या दिवशी काठी लांबवर फिरवायला जागाच नसते, तिथं ती अंगाजवळ उभी धरायची आणि सोबत्याचा कोपर पकडायचा. खानापूरकडे पावसाळ्यात कौलांवरचा पाऊस इतका वाजतो की सगळे ओळखीचे आवाज बुडतात. पिठाची गिरणी, देवळातली घंटा, सायकलच्या दुकानातला पंप, भज्यांचा वास, हे आमचे मैलाचे दगड. एखादं दुकान हललं की सगळा नकाशा पुन्हा शिकवायचा. इलेक्ट्रिक स्कूटरचा तर आवाजच येत नाही, त्यांच्याबद्दल मी अजून काय शिकवावं ते शोधतेच आहे. फूटपाथवरच्या पिवळ्या फरशांवरचे लांब उंचवटे ‘सरळ चला’ सांगतात, गोल ठिपके ‘थांबा’. पाय घसरू नये म्हणून बसवल्यात असं समजून आपण त्यांवरच गाड्या लावतो.

आता ज्यांना थोडं दिसतं त्यांच्याबद्दल, कारण त्यांचे हाल जास्त होतात. रेटिनायटिस पिग्मेंटोसा नावाचा आजार आहे. आधी रातांधळेपणा येतो, मग बाजूचं दिसणं कमी होत होत नळीतून पाहिल्यासारखं उरतं. असा मुलगा दुपारी तुमचा पेपर वाचतो आणि संध्याकाळी उंबऱ्याला अडखळतो. घरचे म्हणतात, “बघून चाल की!” गावातले म्हणतात, पिऊन येतोय. काठी घेतली तर म्हणतात, दिसतंय की याला, नाटकं करतोय. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की चांगल्या डोळ्याचा दृष्टीचा पट्टा 10 अंशांपेक्षा कमी असेल तर तो माणूस अंधच. समोरचं बारीक अक्षर वाचता येत असलं तरी. आजाराचे काही प्रकार नात्यात लग्न झालेल्या घरांत जास्त दिसतात. मामाला भाची देण्याची चाल आपल्याकडे अजून आहे. हे बोललं की लोकांना राग येतो, पण मी घराघरांत भावंडंच्या भावंडं पाहिलीत.

बायकांची गोष्ट आणखी निराळी. नंदगडजवळच्या एका मावशींची नजर साखरेनं गेली. त्या दिवसापासून सुनेनं त्यांना चुलीपाशी येऊ दिलं नाही. “भाजून घेशीला, बसा गप,” एवढंच. मायेनंच. पण उभं आयुष्य भाकऱ्या थापलेल्या बाईला नुसतं खाटेवर बसवलं की ती महिन्यात म्हातारी होते. त्यांना काठीच्याही आधी स्वयंपाकघर हवं होतं. तेलाच्या डब्यात उभा बुडवायचा वाकवलेला चमचा, शेगडी पेटवायच्या आधी तवा मध्ये बसवून हातानं चाचपणं, मिठाच्या डब्याला रबर आणि साखरेच्या डब्याला दोन रबरं. भाकरी उलटायची वेळ वासानं आणि कडेच्या आवाजानं कळते, हे तर त्यांनीच मला शिकवलं. थोडं दिसत असेल तर पांढरा भात स्टीलच्या ताटात वाढू नका, गडद ताट घ्या. एवढ्यानं माणूस स्वतःच्या हातानं न सांडता जेवतो.

पैशांचं सांगायचं तर नव्या नोटांनी आमचं काम वाढवलं. शंभराची नोट 142 मिलिमीटर लांब, दोनशेची 146, पाचशेची 150. चार मिलिमीटर बोटांना ओळखायला शिकवायचे! म्हणून प्रत्येक नोटेची घडी वेगळी घालायची, आणि घरात मोबाइल असेल तर रिझर्व्ह बँकेचं, नोट ओळखून सांगणारं ‘मनी’ अ‍ॅप टाकून घ्यायचं. मोबाइल बोलता करायला पैसे पडत नाहीत, अँड्रॉइडमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक असतंच. नातू ते इंग्रजीत सुरू करून देतो आणि आज्जी घाबरून फोन ठेवून देते. आवाज मराठी करून द्या.

ब्रेलचं एक मात्र मजेशीर आहे. 1951 मध्ये भारतीय भाषांसाठी एकच ठिपक्यांची लिपी, भारती ब्रेल, ठरली, तेव्हापासून मराठीतला क आणि कन्नडमधला क एकच, सहा ठिपक्यांपैकी पहिला आणि तिसरा. पाट्यांवरून इतकी भांडणं झालेल्या या मुलखात ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नाही. फॉर्म मात्र बहुतेक कन्नडमध्ये असतात. दिव्यांग ओळखपत्राचा असो की पेन्शनचा, आमच्या मंडळींना तो दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागतो. ग्रामपंचायतीत व्हीआरडब्ल्यू म्हणून दिव्यांगांसाठीचा एक कार्यकर्ता असतो, तो बहुधा स्वतः दिव्यांग असतो. आधी त्याला गाठा.

खरी गाठ दवाखान्यातच बसते. “आता औषध नाही,” असं डॉक्टर सांगतात. ते खरंच असतं, आणि घरचे त्याचा अर्थ ‘आता काहीच नाही’ असा घेऊन गावी परततात. त्या चिठ्ठीवर ‘चालण्याचं व घरकामाचं प्रशिक्षण घ्यावं’ अशी एक ओळ पडली तर माझ्याकडे माणसं दोन-तीन वर्षं खाटेवर काढून नव्हे, लगेच येतील. स्नायू ढिले पडले, भीती मुरली की दुप्पट मेहनत पडते, त्यांना आणि मलाही.

15 ऑक्टोबरला पांढऱ्या काठीचा दिवस असतो, त्याच्या आसपास वाटपाचे कार्यक्रम होतात. माझं एवढंच म्हणणं आहे: काठ्या कमी वाटा, पण आधी टेप लावून माप घ्या आणि कोण शिकवणार, किती आठवडे, ते जाहीर करा. आणि तुमच्या वार्ताहरांनी बातमी लिहिताना हा प्रश्न आयोजकांना विचारावा. उत्तरही छापावं. वाचकांनी रस्त्यात मदत करताना माणसाचा दंड किंवा काठी ओढू नये, ‘मदत करू का?’ विचारून आपला कोपर पुढे करावा, म्हणजे ते तुमच्या अर्धं पाऊल मागे चालतात आणि वळण आपोआप कळतं.

शेवटी एक चौकशी. रोज चालणाऱ्याच्या काठीचं नायलॉनचं टोक काही महिन्यांत झिजतं. लोक औषधाच्या दुकानातून वॉकरचं रबरी बूच आणून बसवतात, ते रस्त्याला चिकटतं आणि मनगट दुखतं. खडेबाजार, शहापूर किंवा टिळकवाडीतल्या कुणा दुकानदाराकडे काठीची सुटी टोकं मिळत असतील, किंवा कुणी मागवून ठेवायला तयार असेल, तर आपल्या कार्यालयात कळवावं. मी तिथून निरोप घेईन.

आपली,
एक वाचक, शहापूर, बेळगाव