जनुकोपचाराच्या दारात आमची मुले कोणता कागद घेऊन उभी राहणार?

मा. सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सिकलसेलग्रस्त बालकांची जन्मतः तपासणी आणि त्यांच्या आजाराची सलग नोंद

महोदय,

सादर नमस्कार. पूर्व विदर्भातील एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षांहून अधिक काळ तंत्रज्ञ म्हणून काम करून मी निवृत्त झालो आहे. आमच्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पहिली तपासणी ज्या पद्धतीने होत असे, ती आपण कदाचित प्रत्यक्ष पाहिली नसेल. काचेच्या छोट्या नळीत दोन मिलिलिटर द्रावण घ्यायचे, बोटातून काढलेले वीस मायक्रोलिटर रक्त त्यात सोडायचे, पाच मिनिटे थांबायचे आणि मग नळीच्या मागे काळ्या रेघा मारलेला कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर रक्त निर्दोष. रेघा गढूळपणात बुडाल्या तर पुढची तपासणी करायची. आयुष्यात अशा किती नळ्या डोळ्यांसमोर धरल्या याचा हिशेब मी ठेवला नाही, पण रेघा न दिसल्यावर समोरच्या बाकावरच्या बाईला काय सांगायचे, हे मात्र शेवटच्या दिवसापर्यंत सोपे झाले नाही.

हे पत्र लिहिण्याचे निमित्त आनंदाचे आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या सरकारी संशोधन संस्थेने सिकलसेलवरचा पहिला स्वदेशी क्रिस्पर जनुकोपचार, म्हणजे जनुकात नेमका बदल करणारा उपचार, जाहीर केला, बिरसा मुंडा यांच्या स्मरणार्थ त्याला ‘बिरसा १०१’ असे नाव दिले, आणि तो पुढे नेण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी तंत्रज्ञान हस्तांतराचा करारही केला. ज्या आजाराकडे देशाने दीर्घकाळ ‘जंगलातला आजार’ म्हणून पाहिले, त्यावर देशातली उत्तम प्रयोगशाळा काम करते, याचे मोल आमच्यासारख्यांना शब्दांत सांगता येणार नाही. तथापि ती बातमी वाचल्यापासून एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही, आणि तो आपल्या खात्याच्या अखत्यारीतला असल्यामुळे आपल्यापुढे मांडतो आहे.

परदेशात हा उपचार सुरू झाला आहे. ‘कॅसगेव्ही’ या नावाच्या औषधाला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने त्याच वर्षी ८ डिसेंबरला मान्यता दिली. रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी काढून प्रयोगशाळेत नेतात, बीसीएल११ए या जनुकाचे एक बटण बंद करतात आणि त्या पेशी पुन्हा त्याच्या शरीरात सोडतात. त्यामुळे गर्भावस्थेत असणारे आणि जन्मानंतर ओसरणारे हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते व सदोष हिमोग्लोबिनचा त्रास आवरतो. मधल्या काळात रुग्णाला तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते आणि काही आठवडे रुग्णालयात काढावे लागतात. मान्यतेच्या वेळी ज्या ३१ रुग्णांच्या निष्कर्षांचा विचार झाला, त्यांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने वेदनेचा एकही तीव्र झटका आला नाही. अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. आपला स्वदेशी उपचार त्या किमतीच्या अगदी थोड्या अंशात मिळावा, ही अपेक्षा रास्तच आहे.

पण महोदय, त्या चाचणीत कोणाला घेतले होते? आधीच्या दोन वर्षांत दरवर्षी किमान दोन तीव्र झटके आल्याची नोंद असलेल्या रुग्णांना. नोंद या शब्दाशी माझे घोडे अडते. केमोथेरपीचा धोका पत्करायचा तर आजार खरोखर तीव्र आहे हे आधी दिसले पाहिजे, त्यामुळे ही अट योग्यच आहे आणि आपल्याकडच्या चाचण्यांतही ती या ना त्या रूपात येणारच. आता आमच्या तालुक्यातील एसएस पॅटर्नचा, म्हणजे आईबाप दोघांकडून सदोष जनुक आल्याने पूर्ण आजार असलेला, मुलगा डोळ्यांसमोर आणा. थंडी पडली की त्याचे हातपाय ठणकू लागतात. आई गरम फडके बांधते, रात्र निघत नाही तेव्हा गावातल्या डॉक्टरकडून एक सुई टोचून आणते, आणि चौथ्या दिवशी मुलगा उठून शाळेत जातो. शाळेच्या हजेरीपटावर तीन दिवस गैरहजर एवढेच लिहिलेले असते. त्या तीन दिवसांचे नाव ‘तीव्र झटका’ होते, हे सरकारच्या कोणत्याही वहीत नसते. बारा वर्षांचे दुखणे भोगलेल्या मुलाकडे आजार असल्याचे एक कार्ड असते, आणि आजार किती आहे हे सांगणारा एकही कागद नसतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. मोहिमेमुळे तपासणीला आलेला वेग मी नाकारत नाही. चुटकीसरशी निकाल देणाऱ्या पट्ट्या आता शिबिरांत पोचल्या आहेत, ज्यांची आम्ही कल्पनाही केली नव्हती. मात्र तपासणीच्या आकड्याला एक खोड असते. आकडा पूर्ण झाला की काम झाल्यासारखे वाटते. मी स्वतः ज्या महिन्यात सर्वांत जास्त नळ्या तपासल्या, त्या महिन्याबद्दल मला शाबासकी मिळाली होती. त्या महिन्यात सापडलेल्या मुलांपैकी वर्षभराने किती औषधावर होती, हे मला कधीही कोणी विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही कोणाला विचारले नाही.

म्हणून माझी पहिली विनंती जन्माच्या वेळच्या तपासणीची आहे. सिकलसेल असलेले बाळ जन्मतः ठणठणीत दिसते, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असते. आमची नळीची तपासणी सहा महिन्यांखालच्या बाळात फसते ती याचसाठी. सदोष हिमोग्लोबिन इतके थोडे असते की रेघा स्वच्छ दिसतात आणि आई निर्धास्त होऊन घरी जाते. हा दिलासा फसवा असतो, आणि मी तो माझ्या हाताने दिलेला आहे. टाचेतून रक्ताचे चार थेंब टिपकागदावर घेऊन, वाळवून एचपीएलसी यंत्र (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारे) असलेल्या प्रयोगशाळेत पाठवले तर हाच दोष पहिल्या आठवड्यात कळतो. हे तंत्र काही कालपरवाचे नाही. जमैकात किंग्स्टन येथे १९७३ ते १९८१ या काळात एक लाख नवजात बालकांची तपासणी झाली, आणि त्यातून सापडलेल्या मुलांचा पुढे दशकानुदशके पाठपुरावा केला गेला.

जमैकाच्या त्या कामातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सिकलसेलच्या लहान मुलांत कधी कधी प्लीहेत अचानक रक्त साठते आणि काही तासांत मूल दगावते. तेथील डॉक्टरांनी आयांना बाळाच्या पोटावर डाव्या बरगडीखाली हात ठेवून प्लीहा चाचपायला शिकवले. प्लीहा मोठी लागली की तडक रुग्णालय गाठायचे. त्याने मृत्यू कमी झाले. आपल्या आशाताई आणि एएनएम बाळाच्या घरी जातातच, बाळाचे वजन करतात, ताप पाहतात. त्यात हे एक चाचपणे शिकवायला किती खर्च येईल? पण त्यासाठी कोणाच्या बाळाचे पोट चाचपायचे हे आधी माहीत असायला हवे, आणि ते नवजात तपासणीखेरीज कळणार नाही. पेनिसिलिनचेही तेच. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोजच्या पेनिसिलिनने सिकलसेलच्या लहान मुलांतील न्यूमोकॉकस या जिवाणूचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला, इतका की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. आता न्यूमोकॉकसची लस आपल्या नियमित लसीकरणात आहे, ही चांगलीच गोष्ट. परंतु या मुलांना दोन वर्षांनंतर आणखी व्यापक लस लागते, आणि ती नियमित वेळापत्रकात नाही.

कोणी म्हणेल, गरोदर मातेची तपासणी होतेच, ती वाहक (एक सदोष जनुक असलेली, पण स्वतः आजारी नसलेली) निघाली तर पतीचे रक्त तपासावे आणि दोघेही वाहक असतील तेव्हाच बाळाकडे लक्ष द्यावे. कागदावर हे काटकसरीचे दिसते. प्रत्यक्षात फेब्रुवारीत आमच्या भागातले पुरुष मिरची तोडाईसाठी तेलंगणात गेलेले असतात, आणि ‘पती उपलब्ध नाही’ असा शेरा मारून ते पान उलटले जाते. म्हणूनच गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार अशा जिल्ह्यांत सरकारी रुग्णालयात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची तपासणी व्हावी, आईबापाच्या निकालाची वाट न पाहता. आणि ती जात विचारून होऊ नये. मोहिमेचे नाव आदिवासींशी जोडले गेल्यामुळे असा समज झाला आहे की हा आजार त्यांच्यापुरताच आहे. विदर्भात तो अनुसूचित जातींमध्ये आणि इतर मागासवर्गीय समाजांतही मोठ्या प्रमाणात आहे, हे कोणताही जुना तंत्रज्ञ सांगेल.

दुसरी विनंती हायड्रॉक्सीयुरियाची. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रौढांसाठी मान्य झालेले हे औषध जनुकोपचाराइतके चमकदार नाही, पण करते त्याच दिशेचे काम, म्हणजे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते. भारतीय रुग्णांत कमी मात्राही उपयोगी पडते, आणि हे आपल्याच नागपुरातील अभ्यासाने दाखवले आहे: रोज किलोमागे १० मिलिग्रॅम या ठरावीक मात्रेने तीव्र आजाराच्या मुलांतील वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज, दोन्ही घटले. आता अडचण पाहा. दहा किलो वजनाच्या मुलाला १०० मिलिग्रॅम हवे, आणि औषधखिडकीवर मिळते ती ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. मी एका आईला वाटीत पाणी घेऊन कॅप्सूल उघडून पूड कालवताना आणि चमच्याने पाच वाटे करताना पाहिले आहे. हे पेशींवर परिणाम करणारे औषध आहे, ते उघड्या हाताने हाताळू नये, असे त्याच डब्यावर छापलेले असते, पण इंग्रजीत. मुलांसाठीचे द्रवरूप औषध आता देशात तयार होते. ते प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत खंड न पडता पोचावे आणि त्यासोबत दर काही आठवड्यांनी लागणारी रक्तपेशींची मोजणीही तिथेच व्हावी, कारण ती मोजणी नाही म्हणून डॉक्टर औषध सुरू करायला कचरतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

तिसरी विनंती, आणि या पत्राचा गाभा तोच आहे, ती नोंदीची. आपल्या राज्यात मुंबईत परळला रक्ताच्या आजारांवर संशोधन करणारी राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी चंद्रपूरचे हिमोग्लोबिन विकारांवरील संशोधन केंद्र देशाला अर्पण झाले. म्हणजे ज्ञान लांब नाही. या केंद्राच्या देखरेखीखाली, जन्मतः सापडलेल्या प्रत्येक सिकलसेल बालकाची एक वही उघडावी, जी त्याच्या वयासोबत वाढेल: वेदनेचा झटका कधी आला, किती दिवस टिकला, रक्त कधी चढवले, औषध किती महिने सलग मिळाले, शाळा किती बुडाली. घरी सोसलेला झटकाही त्यात आशाताईंच्या शब्दांत यावा. रुग्णालयात दाखल झाल्याखेरीज वेदना मोजायचीच नाही, हा नियम शहराला लागू पडत असेल, आम्हाला नाही. मोबाइलवर नोंद ठेवायची असेल तर जरूर ठेवावी. फक्त मूल आश्रमशाळेत गेले किंवा आईबाप कामासाठी परजिल्ह्यात गेले म्हणून ती नोंद तुटू नये, आणि ती वाचण्याचा पहिला अधिकार त्या कुटुंबाचा असावा.

अशी वही असेल तर उद्या ‘बिरसा १०१’ किंवा दुसरा कोणताही उपचार रुग्ण शोधत आला, तेव्हा कोणत्या मुलाला त्याची खरी गरज आहे आणि कोणाचे हायड्रॉक्सीयुरियावर भागते, हे सांगता येईल. नसेल तर काय होईल, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. ज्यांच्या फायली जाड आहेत, म्हणजे ज्यांना नागपूर-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांपर्यंत जाता आले, त्यांचीच नावे पुढे येतील, आणि ज्याच्या नावाने औषध आहे त्याचे वारस रांगेत मागे राहतील.

मी आजही अधूनमधून आमच्या जुन्या रुग्णालयात जातो. प्रसूती विभागात भिंतीला टेकवलेली जन्मनोंदीची मोठी वही आहे. तीत बाळाचे वजन, वेळ, आईचे नाव, पहिली लस असे रकाने आखलेले आहेत, आणि उजव्या कडेला ‘शेरा’ नावाचा रुंद रकाना आहे, जो बहुतेक पानांवर कोराच असतो. टाचेच्या रक्ताच्या निकालासाठी तूर्त तेवढी जागा पुरेल. एका जिल्ह्यापुरते, एका वर्षासाठी हे करून पाहण्याचा आदेश आपण काढावा, आणि त्यासाठी निवृत्त तंत्रज्ञांची गरज पडली तर माझे नाव विनामानधन धरावे.

आपला विनम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ